काळोखमावशीचे नाव

ज्या दुपारी मालक दवाखान्यातून एकटेच परतले, त्या दुपारी त्यांनी भर उन्हात मला लावले आणि मालकिणीच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभे राहिले. ती गेली, हे मला तेव्हा कळले. मित्रांनो, मी तिच्या लिहायच्या टेबलावरचा जुना दिवा आहे.

मला कारखान्यात बनवले, पण कामाला लावले ते तिने. ती मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहायची. त्यांत चेटकीण अंधारात राहायची आणि शेवटी उजेड जिंकायचा. मला ते फार आवडायचे.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात दिवे रात्रभर मालवत नसत. मधे काही दिवस घरी आली तेव्हा म्हणाली, "अहो, उजेडाने जीव नकोसा केलाय. आता लिहितेय त्या गोष्टीत दुष्ट तोच."

"आणि या दिव्याला काय वाटेल?"

"वाटू दे. फार चढून बसलाय डोक्यावर."

दोघेही हसले. मीही रागावलो नाही.

त्या गोष्टीतला उजेडराजा कोणाला झोपूच देत नाही. त्याच्या झगमगाटाने मुलांचे डोळे जातात. डोळे गेल्यावर दिसतो तो अंधार, आणि पदराखाली घेऊन निजवते ती काळोखमावशी. हे दोन शब्द तिने जपून वेगळे ठेवले होते.

पुस्तक ती गेल्यावर आले. मालक माझ्याजवळ बसून वाचू लागले आणि एका ओळीवर थांबले. 'अंधारमावशीने मुलांना अंधारातून सोडवले.' त्यांनी लगेच प्रकाशकांना फोन लावला.

"काका, शब्द एकसारखे केलेत फक्त. अर्थ एकच ना?"

"एकच असता तर तिने दोन कशाला लिहिले असते? वेड लागलं होतं का तिला?"

"तसं नाही हो... पुढच्या आवृत्तीत बघू."

शोकसभेत वक्ते म्हणाले, बाई आयुष्यभर अंधाराशी लढल्या. फोटोवर इतका झोत सोडला होता की काचेआड तिचा चेहराच दिसेना. घरी येऊन मालक हे भिंतीला सांगत होते. ऐकायला मीच होतो.

आता माझ्यावर धूळ आहे. धुळीचे मला काही वाटत नाही. मित्रांनो, माणूस राखणे कोणाच्या हातात नसते. त्याचे शब्द तरी होते तसे राखा.

पुढची आवृत्ती निघालेली नाही. काळोख हा शब्द पुस्तकात परत घालायचा राहिला आहे.