चौथी ओळ

केयूरने परचुरे सरांच्या दाराशी चपला काढल्या, बेलपर्यंत हात नेला आणि पुन्हा चपला पायात घातल्या. सानपाड्याच्या या तिसऱ्या मजल्यावर तो वर्षानुवर्षं येत होता. कधी प्रबंधाचं प्रकरण घेऊन, कधी काकूंचं दळण घेऊन. बेल वाजवावी की नाही, असा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता.

काल कॉलेजच्या फलकावर नाव लागलं ते वैजयंती मानेंचं. मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात, सरांना घेऊन आलेल्या काकूंच्या शेजारीच, जिचं तान्हं रडून आकांत करत होतं आणि जिला त्याने स्वतःचा तिसरा नंबर देऊन आधी आत सोडलं होतं, तीच ही. इतिहासाची एकच जागा होती. मिठागरांच्या इतिहासात डॉक्टरेट मिळवून केयूर दीड वर्ष कळंबोलीच्या लोखंड बाजारात मेहुण्याच्या गोदामात सळया मोजत होता. मेहुण्याने सरळ सांगितलं होतं, या वर्षात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर प्रबंध माळ्यावर आणि तू कायमचा गोदामात.

तेही एक वेळ पचलं असतं. पचत नव्हतं ते शिपाई गोटीरामचं बोलणं. मार्कांचे कागद बेरजेला त्यानेच नेले होते.

“बाकीच्या सायबांनी तुमाला चांगले मार्क दिले. परचुरे सरांनीच दोन दिले, वीसातले. तुमचाच मानूस हाय ना तो?”

तेव्हापासून केयूरचं डोकं भणभणत होतं. ऋणनिर्देशात सरांचं नाव वडिलांच्या नावानंतर आलं म्हणून? गणपतीत तो दर्शनाला आला नाही म्हणून? मुलाखतीत तर सर त्याचं उत्तर ऐकून खुशीत मान डोलवत होते! माणूस मान डोलवतो आणि गळा कापतो, याला म्हणायचं तरी काय?

शेवटी त्याने चपला काढल्या आणि बेल दाबली. काकूंनी दार उघडलं.

“केयूर ना?” आतून सरांचा आवाज आला. “काढतोस, घालतोस, काढतोस. चपला काय चावतायत?”

सर खिडकीशी बसले होते.

“पेढे कुठायत?”

“कसले, सर?”

“आता ते माझ्याकडून वदवून घेणार? गोपनीय असतं, गाढवा. पण वीसपैकी एकोणीस मी जन्मात कुणाला दिले नव्हते.”

सर थट्टा करत आहेत की काय, हे केयूरला कळेना. सरांना थट्टा जमत नसे.

“तुझ्या आधी तिसऱ्या नंबरला आलेली ती बाई फारच घाबरली होती बिचारी. तिला दोनच देता आले. मग चौथा तू आलास. आवाज ऐकला आणि जिवात जीव आला.”

काकूंनी चहा आणून ठेवला. सरांचा हात टेबलाच्या कडेला टेकला, कडेकडेने सरकत बशीला लागला आणि तिथून जपून कपाच्या कानाशी गेला.

केयूर त्या हाताकडे बघत राहिला. शेवटची दोन वर्षं सरांनी एक पान हातात धरलं नव्हतं. ‘मोठ्याने वाच, चूक कानाला खटकली पाहिजे,’ म्हणायचे. केवढी ही शिस्त, असं त्याने चारचौघांत कौतुकाने सांगितलं होतं. मार्कांच्या कागदावरची नावं सरांना दिसलीच नव्हती. त्यांनी ओळी मोजल्या होत्या, आणि कागदावर तिसरी ओळ होती त्याची, चौथी वैजयंती मानेंची.

त्याला राग आला, खूप आला. कुणावर काढावा, ते मात्र समजेना. एका वाक्याचं तर काम होतं. सरांना दिसत नाही, एवढं कॉलेजात जाऊन सांगितलं असतं, तर कदाचित सगळं पुन्हा तपासलं गेलं असतं. त्याने काकूंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत होत्या. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“तज्ज्ञ म्हणून अजून बोलावतात बघ,” सर म्हणाले. “तेवढंच घराबाहेर पडणं होतं. का रे, गप्प का?”

“काही नाही, सर. पेढे आणतो.”

“कंदी आण!”

काकू दारापर्यंत आल्या. त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

“पुढच्या महिन्यात पनवेलच्या मुलाखतीला हेच आहेत. तुझा अर्ज आहे ना तिथे?”

त्याने मान हलवली.

“मग कुणाला पुढे सोडू नकोस हो.”

त्याने चपला पायात सरकवल्या. आत सर कान देऊन बसले असतील, हे लक्षात आलं, तसा तो नोकरी लागलेल्या माणसासारखा धडधड जिने उतरत गेला.