काठापर्यंत आलेली टोपी

हॉटेलातल्या पाहुण्यांना टोपीवाली मावशी फार आवडायची. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या लांबलचक व्हरांड्यात, भेटवस्तूंच्या दुकानाच्या दाराशीच तिची चटई असे. चटईवर ती, मांडीवर ताडाच्या पानांच्या ओल्या पट्ट्या आणि हातात होत असलेली टोपी. पोहून आलेले पाहुणे अंगावरचं पाणी निथळत तिच्यापुढे उभे राहायचे, फोटो काढायचे, "बाई गं, हे सगळं हातानं?" म्हणायचे आणि मग दुकानात शिरून टोपी विकत घ्यायचे.

दुकानातली टोपी मावशीची नसायची. त्या टोप्या खोक्यांतून यायच्या, एका खोक्यात साठ, सगळ्या एका मापाच्या. कुठल्याशा कारखान्यात त्या यंत्रावर तयार होत. कुणी खोटं बोलत होतं असं मात्र नाही हं. "या टोप्या मावशीनं विणल्या" असं दुकानात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पाहुणे मावशीकडे बघायचे, मग फळीवरच्या टोप्यांकडे बघायचे आणि उरलेलं स्वतःच स्वतःला सांगायचे.

मावशीची टोपी रोज संध्याकाळी पाच वाजता उसवली जायची. सुरुवातीचे काही आठवडे, अकरा वर्षांपूर्वी, ती दिवसाला एक टोपी पुरी करायची. पण त्या टोप्या एक लहान, एक मोठी अशा निघत आणि हॉटेलला सगळं एकसारखं लागतं, टॉवेलपासून हसण्यापर्यंत. त्यातच मागच्या अंगाची ताडाची झाडं दुसऱ्या पोहण्याच्या तलावासाठी तोडली आणि पानं लांबून मागवावी लागू लागली. तेव्हाच्या मॅनेजरनं डोकं चालवलं. म्हणाला, "मावशी, झालेली टोपी कुणी बघत नाही. होत असलेली बघतात. तुम्ही काठाशी आलात की उसवा. त्याच पट्ट्या उद्या चालतील." मावशीला तेव्हा हसू आलं होतं. पगार तोच, मेहनत तीच, मग विणली काय नि उसवली काय. सकाळी टोपीचा शेंडा धरायचा, दुपारपर्यंत डोक्यावर बसणारा भाग विणायचा, चारपर्यंत घेर काढायचा आणि काठ वळायची वेळ आली की एकेक पट्टी ओढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मॅनेजर चार बदलले. आताच्याला सगळे हसरेसाहेब म्हणत. त्यानंही तीच रीत चालू ठेवली.

घरी मात्र यावरून मावशीची लेक तिला सोडायची नाही. लेक त्याच हॉटेलात खाली धुलाईखान्यात होती. दिवसभर चादरी, वाफ आणि ब्लीच. बोटांची सालं निघालेली, पण जीभ शाबूत.

"आई, तू टोप्या विणत नाहीस," ती म्हणायची. "तू टोप्या विणायचं नाटक करतेस. पगारी."

"माझ्या हातात काय आहे ते तुला काय ठाऊक?"

"तेच तर. अकरा वर्षांत एक टोपी बघितली नाही मी. नाचता येईना, अंगण वाकडं."

मावशी वरवर हसायची, पण हे तिला लागायचं. फार लागायचं. कारण टोपीतली खरी कला काठात असते. घेर काय, चार दिवसांत कुणीही शिकेल. काठ वळताना प्रत्येक पट्टीचं शेपूट शेजारच्या पट्टीखालून फिरवून परत विणीतच असं जिरवायचं की ना गाठ दिसावी, ना टोक. मावशीला तिच्या नणंदेनं तो शिकवला होता, हातावर चापट्या मारमारून. ती नणंद जाऊन सहा वर्षं झाली.

त्या आठवड्यात हॉटेलात एक बाई आल्या होत्या, नुकत्याच शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. पाच दिवसांचा मुक्काम आणि हातात कायम एक कागद. त्यावर परत जाताना कुणाकुणासाठी काय न्यायचं याची यादी. मावशीनं मनातल्या मनात त्यांचं नाव यादीवाली बाई ठेवलं. बाई दुकानातून बाहेर आल्या की मावशीशेजारी टेकायच्या आणि खरेदी दाखवायच्या. नणंदेला शिंपल्यांची डबी. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारणीला लाकडी कासव, जरा बरं, कारण कुंड्या चाळीस आहेत. जावेला फ्रिजवर चिकटवायचं नारळाचं झाड.

"जावेला एवढंच?" मावशीनं विचारलं.

"तिनं मला मागच्या सुट्टीत काय आणलं ठाऊक आहे? साबण. हॉटेलातला."

दोघी खूप हसल्या. चार दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी, गुरुवारी, पाचाच्या सुमारास मावशीनं काठाशी आलेली टोपी उसवायला घेतली, तेव्हा बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"ही नका उसवू. ही मला हवी."

"आत आहेत की, नव्याकोऱ्या."

"आतल्या नकोत. चार दिवस मी ही बघतेय. यादीत सगळे आहेत हो, मी सोडून. ही माझी. उद्या अकराला माझी बस आहे. तोवर होईल?"

मावशीनं ओढायला धरलेली पट्टी सोडली. अकरा वर्षांत तिला कुणी असं विचारलंच नव्हतं. हसरेसाहेब तिथेच घुटमळत होते. ते म्हणाले, "एका टोपीनं काय बिघडतंय! होऊन जाऊ द्या, मावशी." आणि बाईंकडे बघून हसले.

घरी पोचल्या पोचल्या मावशीनं लेकीला सांगितलं. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"उद्या साडेदहाला वर ये. काठ वळताना बघ आणि मग बोल मला."

लेक नेहमीसारखं काहीतरी बोलणार होती, पण आईचा चेहरा बघून थांबली. ताटाशी बसल्यावर म्हणाली, "आई, खरंच पुरी केलीस ना, तर मला शिकव. चेष्टा नाही करत. ते ब्लीच आता सोसत नाही मला. रोज सकाळी मुठी मिटत नाहीत. हसरेसाहेब परवा म्हणत होते, दुसऱ्या व्हरांड्यातही कुणी बसवायचंय. पण मला तुझ्यासारखं उसवत नाही बसायचं. मी पुऱ्या करीन आणि बाहेर विकीन."

"शिकवते की. आठ दिवसांचं काम," मावशी म्हणाली. तिला घास गोड लागला. सरावाची गरज आहे हे तिच्या मनातही आलं नाही. अंधारात जेवताना घास काही कानात जात नाही, हाताला वाट ठाऊक असते.

शुक्रवारी ती अर्धा तास आधीच चटईवर येऊन बसली. पट्ट्यांवर पाणी शिंपडलं, राहिलेला घेर नीट आवळून घेतला. दहाला यादीवाली बाई सामान बांधून, बॅग खांबाला टेकवून समोर खुर्ची ओढून बसल्या. साडेदहाला लेक आली, ओले हात कपड्यांना पुसत. ती खांबाशी उभी राहिली. मावशीनं तिच्याकडे बघून नुसती भुवई उडवली आणि काठाला हात घातला.

पहिली पट्टी वाकवायची. शेजारच्या पट्टीखालून घ्यायची. मग.

हात थांबले असते तरी चाललं असतं. पण ते थांबले नाहीत. त्यांनी पट्टीचं टोक धरलं, सराईतपणे ओढलं आणि पट्टी अलगद बाहेर काढून ओल्या फडक्यावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. मावशी बाईंशी काहीतरी बोलत होती, हवेबद्दल की बसबद्दल, आणि हात आपले काठाशी आल्यावर अकरा वर्षं जे करत आले तेच करत होते. फडक्यावर सात पट्ट्या जमल्या तेव्हा तिनं खाली पाहिलं.

"किती सुरेख!" बाई म्हणाल्या. "आधी सैल सोडून मग घट्ट करता होय?"

मावशी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिनं सातही पट्ट्या भराभर परत विणल्या आणि या वेळी हातांवर नजर रोखून बसली. वाकव, खालून घे. खालून घेतल्यावर वर काढायची की पुढच्या पट्टीच्या आत? आत घातली तर शेपूट सुटं राहत होतं. वर काढली तर काठ उलटा वळत होता. तिनं डोळे मिटले, नणंदेचे हात आठवले. चापट्या आठवल्या, बांगड्यांचा आवाज आठवला, बोटं काय करत होती तेवढं आठवेना. एक पट्टी तुटली.

मग ती उठली, दुकानात गेली आणि फळीवरची एक टोपी उचलून तिचा काठ उलटा करून पाहिला. निदान त्यावरून तरी सुचेल. त्या टोपीला काठ नव्हताच. पट्ट्या सरळ कापलेल्या, वरून दोऱ्याची शिवण आणि शिवणीवरून डिंकाची रेघ. अकरा वर्षं ती या टोप्यांच्या शेजारी बसली होती आणि कधी एक उलटी करून बघितली नव्हती.

बाहेर बसचा भोंगा वाजला. यादीवाली बाई तिच्यामागून दारात आल्या, घड्याळाकडे बघत, अवघडून.

"अहो, राहू द्या आता. उगीच तुमची धावपळ." त्यांनी मावशीच्या हातातली उलटी टोपी घेतली, सुलटी केली आणि डोक्यावर घातली. आरशात पाहिलं. "हीच की! अगदी तीच. उलट जरा सफाईदारच वाटतेय. तुम्हीच केलेली ना?"

मावशीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात हसरेसाहेब म्हणाले, "आमच्याकडे मावशीशिवाय आहेच कोण?" आणि स्वतः बाईंची बॅग उचलून चालू लागले. बाईंनी मावशीला मिठी मारली. मनापासून मारली, त्यात काही खोट नव्हती. बसच्या खिडकीतून त्यांनी टोपी काढून हलवली. मावशीनंही हात हलवला.

ती चटईवर येऊन बसली तेव्हा लेक तिथेच होती. तिची मधली सुट्टी केव्हाच संपली होती, खालून कुणीतरी हाकही मारून गेलं होतं. आता ही काय बोलेल म्हणून मावशी मान खाली घालून पट्ट्या सारख्या करत राहिली. एखादा टोमणा आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण लेक तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिनं अर्धी टोपी स्वतःच्या मांडीवर घेतली.

"दोघी मिळून बघू," ती हळूच म्हणाली. "तू आठव, मी वाकवते."

दोघींनी पुष्कळ करून पाहिलं. वरून, खालून, एक सोडून एक. लेकीची सोललेली बोटं पानाच्या कडेनं चिरली तरी तिनं हात काढला नाही. मध्येच दोन पाहुणे येऊन फोटो काढून गेले. काठ काही वळला नाही.

"आत्याला येत होता," लेक म्हणाली.

"आत्या गेली."

"दुसऱ्या कुणाला तरी येत असेल ना गं. एवढ्या बायका विणायच्या. ती मागच्या गल्लीतली टोपलीवाली आजी? तिच्याकडे जाऊ आज. एकदा बघितलं की तुझं तुला आठवेल."

"तिला आता घरची माणसंही ओळखू येत नाहीत."

"मग तिची सून? ती तर सासूच्या हाताखालीच होती."

मावशीनं लेकीच्या मांडीवरून टोपी घेतली. अजून पाच वाजायचे होते, तरी तिनं शेवटच्या पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं.

"सून परवाच घरी आली होती, तू कामावर असताना," ती म्हणाली. "काठ कसा वळायचा ते विचारायला. सासूकडून शिकायचं राहूनच गेलं म्हणाली. सगळ्यांनी तिला सांगितलं, आता फक्त मलाच येतं. मी म्हटलं, सवडीनं ये, शिकवते."