चौथ्या दिवशीची कळ

तिच्या हाताखालून रोज तीनचारशे शर्ट जायचे. कारखान्यात ती तयार कपडे तपासायची. सुटलेला टाका, तिरकी कॉलर, केसभर खाली लागलेलं बटण, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून सुटत नसे. शिवणाऱ्या बायका तिला मागून ‘दुर्बीण’ म्हणत. ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सोमवारी तिची उजवीकडची खालची अक्कलदाढ काढली. दाढ आडवी वाढलेली, त्यामुळे तासभर झटापट झाली. तोंडात कापसाचा बोळा आणि अर्धा चेहरा बधिर, अशी ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. तेवढ्यात दाताच्या डॉक्टरबाईंनी नवऱ्याला आत बोलावलं. दार लोटलं गेलं. तो पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा तिने हातानेच विचारलं, काय म्हणाल्या?

“काही नाही. सगळं मस्त झालं,” असं म्हणत तो खिशात किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

घरी आल्यावर तर संशयाला खतपाणीच मिळालं. हा शाळेची बस चालवणारा, स्वतःचा कपही न विसळणारा माणूस. तो आता सूप गार करून आणत होता, उशा नीट करत होता. तिने दाढेचा एक्स-रे फोटो मागितला तर म्हणाला, “दवाखान्यातच राहिला बहुतेक.” मंगळवारी नणंदेचा फोन आला. त्याची ही ताई मोठ्या हॉस्पिटलात नर्स. एरवी भावाशी बोलताना तिचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा. आज नवरा फोन घेऊन गॅलरीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. तरी फटीतून एक वाक्य आत आलंच : “नाही गं, तिला अजून नाही सांगितलं.”

काय नाही सांगितलं? गाठ सापडली? हाड मोडलं? की कसलं तरी भलतंच दुखणं? तिने विचारलं असतं तर त्याने पुन्हा थाप मारली असती. म्हणून तिने स्वतःच तपास हाती घेतला. तो कामावर गेला की बाथरूमच्या आरशासमोर उभं राहायचं, तोंडात टॉर्च मारायचा, कापसाच्या काडीने टाक्यांच्या कडेने चाचपायचं. नीट दिसत नाही म्हणून मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरायच्या. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ‘जोरात चुळा भरू नयेत’ असं ठळक छापलं होतं. पण त्या कागदावरही तिचा विश्वास उरला नव्हता.

गुरुवारी सकाळी कळ आली. आधीचं दुखणं बरं म्हणावं अशी. जबड्यातून निघायची ती थेट कानात, तिथून डोक्यात. गोळीने ढिम्म फरक पडेना, आणि तोंडाला कसलीशी घाण चव. तिने दवाखान्यात फोन लावला.

“चौथ्या दिवशी दुखणं वाढलंय? मग लगेच या,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “आणि त्या तुकड्याचं तुमच्या मिस्टरांनी सांगितलंच असेल.”

“कुठला तुकडा?”

“तुम्ही याच, ताई.”

ती नवऱ्याला न कळवता तडक निघाली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, “माझ्या तोंडात काय ठेवलंय तुम्ही?”

डॉक्टरबाईंनी फोटो दिव्यावर लावला. “दाढेच्या एका मुळाचं टोक तुटलं. हे बघा, भाताच्या शितापेक्षा लहान. त्याला खेटून ओठाची नस जाते. ओढून काढायला गेले असते तर तुमचा ओठ कायमचा बधिर पडला असता. म्हणून मुद्दाम राहू दिलं. सहसा ते काही त्रास देत नाही. तुम्हाला गरगरत होतं, म्हणून मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं. चूक माझी. तुम्हालाच फोन करायला हवा होता.”

“म्हणजे त्यामुळेच दुखतंय!”

“बघू या.” बाईंनी आरसा आत घातला आणि जरा वेळाने विचारलं, “जोरात चुळा भरल्या का?”

तिने हळूच मान डोलावली.

“काडीबिडी घातली?”

“...थोडीशी.”

“जखमेवर रक्ताची गुठळी धरते ना, तीच निघून गेलीय. खालचं हाड उघडं पडलंय. कळ त्याची आहे, तुकड्याची नाही.”

बाईंनी खड्डा हलक्या हाताने धुतला आणि उग्र वासाच्या औषधाची पट्टी आत बसवली. दहा मिनिटांत कळ ओसरली. एवढं हलकं तिला चार दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला. काउंटरवरच्या मुलीने त्याला कळवलं होतं.

“मागे तुझ्या छातीच्या फोटोत डाग दिसला होता, आठवतं?” तो म्हणाला. “तो फोटोचाच दोष निघाला, पण तोवर महिनाभर तू झोपली नव्हतीस. म्हटलं, टाके निघाले की सांगू. ताईसुद्धा रोज ओरडत होती, सांग म्हणून.”

“आणि या चार दिवसांत मी झोपले असं वाटलं तुम्हाला? मी तर मरणाची तयारी केली होती. कपाटातली कागदपत्रंसुद्धा लावून ठेवली.”

त्याचा चेहरा पडला. “चुकलंच माझं.”

तिला त्याची कीव आली, पण ती तिने दाखवली नाही. स्वतःच्या काडीबद्दलही अवाक्षर काढलं नाही. डॉक्टरबाईंकडे मात्र एकदा असं पाहिलं की त्या निमूट औषधं लिहू लागल्या. पट्टी बदलायला शनिवारी यायचं ठरलं.

जिना उतरताना त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला. खाली आल्यावर म्हणाली, “शनिवारी आत दोघं जायचं. आणि आधी मी.”