शाबासकीची कॅसेट

साधनाला घरात बोलायला लावावं लागत नसे, गप्प करावं लागे. रायपूरजवळच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती बोलायला लागली की प्लांटचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही, असं तिचे वडील बाबाराव म्हणत. बाबाराव प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकून होते आणि त्यांना भोंग्याची फार काळजी.

पण हीच पोरगी वर्गात फळ्यापुढे उभी राहिली, आणि मागच्या बाकावर कुणी मोठं माणूस वही-पेन घेऊन बसलेलं दिसलं, की संपलंच. जीभ टाळूला चिकटायची. बी.एड.चं वर्ष सरत आलं होतं. सरावाचे पाठ तिनं कसेबसे रेटले होते. एका पाठात तर 'बच्चों' म्हणून जी थांबली, ती घंटा होईपर्यंत पुढे सरकलीच नाही. पोरं बिचारी 'हाँ बहनजी' म्हणून वाट बघत राहिली. आता अंतिम पाठ उरला होता. रायपूरहून परीक्षक बाई यायच्या होत्या, आणि त्यांच्यापुढे असंच झालं तर नापास. नापास म्हणजे मास्तरीण व्हायचं स्वप्न गुंडाळून ठेवायचं. दुसरं कुठलं स्वप्न साधनाला कधी पडलंच नव्हतं.

"बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत," तिची आई अन्नपूर्णाबाई म्हणाली. आईचं म्हणणं खरं होतं, पण त्यानं कुणाची जीभ सुटते थोडीच?

जीभ सोडवली ती देवीदास सरांनी, म्हणजे निदान साधनाला तसं वाटलं. देवीदास सर कॉलेजात शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवत. सन शहाऐंशी होतं आणि सरांना नव्या युगाची भारी घाई झाली होती. "कल का शिक्षक चॉक नहीं घिसेगा, बटन दबाएगा!" हे वाक्य ते रोज एकदा तरी म्हणत. एकदा स्लाइड प्रोजेक्टर आणला, तर त्यात हृदयाचं चित्र उलटं लागलं. सर डगमगले नाहीत, पोरांनाच मान वाकडी करून बघायला सांगितलं. या खेपेला त्यांनी जाहीर केलं की अंतिम पाठात जो यंत्र वापरेल त्याला वेगळे गुण. साधनाच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

घरी टेपरेकॉर्डर होता. बाबारावांनी पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. त्याला क्रोशाचं झाकण होतं आणि त्याला हात लावायचा तर आधी परवानगी लागे.

"बाबा, मले तुमचा टेप पाहिजे. अख्खा पाठ घरीच भरून घेतो. वर्गात नुसतं बटन दाबायचं अन् तक्त्यावर काठी ठेवायची."

"अन् तू काय करशीन?"

"मी उभी राहीन नं!"

बाबारावांनी थोडा विचार केला. मशीन काही परीक्षकाला घाबरत नाही, हे त्यांना पटलं. त्यांनी नवे सेलसुद्धा आणून दिले.

आता बी.एड.ची पाठयोजना ज्यांनी कधी लिहिली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. त्यात पानाच्या डाव्या बाजूला शिक्षकानं विचारायचे प्रश्न असतात आणि उजव्या बाजूला विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरं. पाठ व्हायच्या आधीच! कुठला विद्यार्थी, कुठली शाळा, कशाचा पत्ता नाही, पण उत्तर तयार, आणि तेही बरोबर. पिढ्यान्‌पिढ्या सगळे असंच लिहीत आले. साधनानंही लिहिलं, आणि तसंच भरलं. प्रश्न विचारायचा, उत्तराला थोडी जागा सोडायची, मग खणखणीत आवाजात, "शाबाश! बिल्कुल सही! बैठ जाओ."

जागा किती सोडायची? त्यासाठी आईला विद्यार्थिनी म्हणून समोर बसवलं. आईनं मोठ्यानं बोलायचं नाही, नुसते ओठ हलवायचे. आता अन्नपूर्णाबाई म्हणजे अशी बाई, की समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर देऊन झालेलं असे. टेपवर ती जागा जेमतेम एका श्वासाची राहिली.

"लई चांगलं शिकवून राहिली वो पोरगी," कॅसेट ऐकून आई बाबारावांना म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साधनालाही आपला आवाज आवडला. त्या कॅसेटमधली बाई कुणाच्या बापाला भिणारी नव्हती.

अंतिम पाठ कुरुद गावातल्या सरकारी शाळेत होता. सातवीचा वर्ग, विषय पाण्याची वाफ. मागच्या बाकावर रायपूरच्या परीक्षक बाई, जाड चष्म्याच्या, आणि त्यांच्या शेजारी देवीदास सर, मुलीकडचे असावेत तसे अवघडून बसलेले. साधनानं टेबलावर टेप ठेवला, तक्ता टांगला, मागे न बघता बटन दाबलं. कॅसेटमधली बाई बोलू लागली आणि पोरांचे डोळे विस्फारले. बहनजी मुक्या आणि पेटी बोलते, हा प्रकार कुरुदला नवा होता.

पहिला प्रश्न आला, "गीले कपड़े का पानी कहाँ जाता है?"

मनहरण नावाचा एक चुणचुणीत पोरगा ताडकन उठला. "भाप बनकर हवा में!"

"शाबाश! बिल्कुल सही! बैठ जाओ."

देवीदास सर परीक्षक बाईंकडे बघून हसले. साधनाच्या जिवात जीव आला. सगळं कसं पाठयोजनेबरहुकूम चाललं होतं.

"धूप में कपड़ा जल्दी क्यों सूखता है?"

"माँ धूप में ही डालती है ना," तिसऱ्या बाकावरून कुणीतरी बोललं.

"शाबाश! बिल्कुल सही! बैठ जाओ."

वर्गात कुजबुज झाली. पोरांची जात हुशार, त्यांना मर्म कळायला वेळ लागत नाही. पुढचा प्रश्न होता, उन्हाळ्यात तळ्याचं पाणी कमी का होतं?

"भैंस पी जाती है!"

"शाबाश! बिल्कुल सही!"

मग काय विचारता! जन्मात ज्यांनी हात वर केला नव्हता त्यांचेही हात वर. ढग कशापासून बनतात? "प्लांट की चिमनी से!" शाबाश! बिल्कुल सही! पोरं उठत होती, काहीही ठोकत होती आणि शाबासकी खिशात घालून बसत होती. साधनाच्या पाचावर धारण बसली. कॅसेटमधली ती शूर बाई म्हशीलाही शाबाश म्हणत सुटली होती. देवीदास सरांनी कपाळावर रुमाल फिरवला.

तेवढ्यात पुढचा प्रश्न आला, "गरम भात के ढक्कन पर पानी की बूँदें कहाँ से आती हैं?"

'गरम भात' ऐकताच, प्रश्न पुरा व्हायच्या आत, शेवटच्या रांगेत भिंतीला चिकटून बसलेली एक मुलगी उभी राहिली. तिला उभी राहताना बघून शेजारणीच चकित झाल्या. "फुलेश्वरी! फुलेश्वरी बोलेगी!" असं दोघीतिघी म्हणाल्या. फुलेश्वरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. खाली बघितलं. ओठ उघडले, ते घरच्या बोलीत.

"बहनजी, मैं ह... बिहनिया भात रांधथों... त..."

"शाबाश! बिल्कुल सही! बैठ जाओ."

वर्ग फिदीफिदी हसला. फुलेश्वरी खाली बसली. तिचं वाक्य तोंडातच राहिलं होतं, ते तिनं गिळलं. साधनाला ते गिळताना दिसलं.

आणि साधनाला जे वाटलं ते सरळच सांगतो, तिला संताप आला. टेपचा आला, त्यातल्या बाईचा आला, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त. ते गिळणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. या पोरीनं सगळं बळ एकवटून तोंड उघडलं होतं, आणि तिला थांबायला सांगणारी कोण, तर आपणच!

तिनं खाडकन बटन दाबलं. टेप बंद झाला.

"फुलेश्वरी," साधना म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "तू भात रांधतेस... मतलब, तुम भात राँधती हो. फिर?"

फुलेश्वरी उभी राहिली. ओढणी पुन्हा बोटाला गुंडाळली गेली.

"साधना!" मागून देवीदास सरांचा आवाज आला. "मशीन क्यों बंद की? समय जा रहा है, चालू करो!"

"सर, ज़रा रुकिए. अभी ये बोल रही है."

हे आपण म्हणालो, हे तिला म्हटल्यावर कळलं. अंतिम पाठात, परीक्षकांच्या देखत, आपण सरांना गप्प बसवलं! पण मागे वळून बघायची सोय नव्हती. आपली नजर जरा हलली तर ही पोरगी पुन्हा खाली बसेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती तशीच बघत राहिली आणि वाट पाहत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत तिच्यापेक्षा जास्त घाबरलेलं कुणीतरी होतं.

"ढकना ला पसीना आथे," फुलेश्वरी अखेर म्हणाली.

कुणीतरी खुसखुसलं. साधनानं शाबाश म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही.

"फिर? पसीना क्यों आता है?"

"भात तात हे," फुलेश्वरी म्हणाली आणि पुन्हा थांबली. "ढकना जुड़ हे... भाप ह उप्पर जाथे अउ ढकना म चटक जाथे. जुड़ा जाथे, त पानी बन के टपकथे."

भात गरम, झाकण थंड, वाफ तिथं निवून पुन्हा पाणी. बोलून झाल्यावर फुलेश्वरीनं बोटाची ओढणी सोडवली, आणि या वेळी तिला कुणी बसायला सांगितलं नाही तरी ती आपली आपण बसली, ताठ.

"और ढक्कन भी गरम हो जाए तो?" हे मनहरणनं विचारलं, हात वर न करता. मग दुसरा बोलला, तिसरी बोलली. साधना एकाला थांबवत होती, दुसऱ्याला विचारत होती, मधेच मराठीत घसरत होती, आणि पोरांना त्याचं काही वाटत नव्हतं.

निकालाचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला नको. साधना पास झाली. यंत्राचे गुण मात्र देवीदास सरांनी कापले ते कापलेच. अर्ध्यात बंद केलं तर वापर कसा म्हणायचा, या मतावरून ते कधी हलले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी घंटेला थोडा वेळ उरला असताना वर्ग जरा शांत झाला, आणि साधनाला मागच्या बाकाची आठवण झाली. तिनं तिकडे पाहिलं. देवीदास सर छताकडे बघत होते. परीक्षक बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"पूछिए, पूछिए," त्या म्हणाल्या. "अगला सवाल क्या है?"

पुढचा प्रश्न कॅसेटमध्ये होता. साधनानं टेपकडे पाहिलं नाही. तिनं परीक्षक बाईंकडे सरळ पाहिलं, मग पोरांकडे पाहिलं, आणि स्वतःच्या मनचा एक प्रश्न विचारला. त्याची उजवी बाजू कुणीच लिहिलेली नव्हती. पोरं विचार करू लागली, आणि ती त्यांच्यापुढे मुकाट्यानं थांबून राहिली.