चार बोटांचा उंबरा

या, असं जवळ बसा. दाराशी का थांबलात, पुढं जागा आहे की. माझ्या गळ्यात वीणा नाही, मागं टाळकरी नाहीत, आणि बुवांसारखा आवाजही देवानं मला दिलेला नाही. जन्मभर कीर्तनं ऐकून कानात जे साठलं, त्याच्या जोरावर एक आख्यान सांगते. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक घर आहे. ते कुणासाठी बांधलं आणि बांधून झाल्यावर कुणासाठी अडलं, एवढंच ऐकायचं. चहा मध्येच येईल, त्याची काळजी करू नका.

मालतीवहिनी आणि मी नवी पेठेच्या मागल्या बोळात वर्षानुवर्षं शेजारी राहिलो, दोघीही भाडेकरू. वहिनी माहेरच्या नातेपुत्याच्या. यजमान कमलाकरराव मूळचे मोडनिंबचे, शाळेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. मुलगा कुमार नोकरीला पुण्यात. आणि धाकटी देवयानी. ही पोर कॉलेजात असताना अपघात झाला आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. दवाखाने झाले, नवस झाले, रडून झालं. मग एक दिवस तिनंच डोळे पुसले, चाकाच्या खुर्चीत बसून परीक्षा दिली आणि विम्याच्या ऑफिसात लागली. बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटी आहे तिची. एक खुर्ची ऑफिसात, एक घरी. जाते एकटी, येते एकटी.

एकटी येते म्हणजे बोळापर्यंत. घराला दोन पायऱ्या होत्या. देवयानीनं खाली थांबून हॉर्न वाजवायचा, कमलाकररावांनी खुर्ची बाहेर आणायची, समोरच्या दुकानदारानं गिऱ्हाईक सोडून यायचं आणि दोघांनी मिळून तिला वर घ्यायचं. कमलाकररावांची कंबर काही तरुण होत नव्हती. एकदा अधिक महिन्यात वहिनी आणि मी कीर्तनाला गेलेलो, कमलाकरराव मोडनिंबला, दुकान बंद. आम्ही कपाळाला बुक्का लावून हसत-बोलत परत आलो, तर देवयानी दारात स्कूटीवर बसलेली. किती वेळ बसली होती ते तिनं सांगितलं नाही. "गाणी ऐकत होते," म्हणाली. पाठीला कुर्ता घामानं चिकटला होता.

त्याच आठवड्यात वहिनींनी विषय काढला. "जुळे सोलापुरातला तो प्लॉट काय पुजायला ठेवलाय? बांधायला घ्या. माझ्या लेकीला स्वतःच्या घरात स्वतःचं स्वतः जाता आलं पाहिजे."

असं घर निघालं. नकाशात एकसुद्धा पायरी नव्हती. फाटकापासून पोर्चपर्यंत उतार, पोर्चमधून सरळ आत. दारं रुंद, न्हाणीघरात धरायला दांड्या, स्वयंपाकाचा ओटा एका बाजूला बुटका. गवंडी रुद्रप्पा अक्कलकोटकडचा, वहिनींना अक्का म्हणायचा. कमलाकरराव रोज टोपी घालून तिथं हजर. नळाला पाणी येतंय चार-पाच दिवसांआड, तेव्हा भिंतींना मारायला टँकर बोलवायचा आणि पाइप धरून स्वतः उभं राहायचं. रुद्रप्पा म्हणायचा, "साहेब, भिंतीला पानी कमी, तुमालाच जास्त लागतंय." त्यांची चप्पल कायम चिखलात.

भिंती वर आल्या, स्लॅब पडला, दाराच्या चौकटी उभ्या राहिल्या. तेव्हा रुद्रप्पानं विचारलं, "अक्का, पुडच्या दाराला उंबरा न्हाय न्हवं? नकाशात दाखवला न्हाय."

"नकाशात नसला म्हणून काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "बिनउंबऱ्याचं घर असतंय का कुठं?"

आता इथं कुणी वहिनींना हसू नका, आधी ऐकून घ्या. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं दुसऱ्यांचे उंबरे पुजले. पहाटे उठायचं, उंबरा पुसायचा, हळदकुंकू लावायचं, रांगोळीची दोन बोटं ओढायची, आणि महिना भरला की भाडं द्यायचं. पहिल्या घरमालकिणीनं तर सांगितलं होतं, डाग पडतात, हळदकुंकू कागदावर लावा. वहिनींनी कागदावर लावलं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. एकदा मला म्हणाल्या होत्या, "लक्ष्मी उंबऱ्यावर येऊन थांबते म्हणतात. मी तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या दगडावर उभी केली हो."

म्हणून त्यांनी स्वतः जाऊन काळा दगड निवडला. दर्शनी बाजूला कमळ कोरून घेतलं, दोन्ही टोकांना वेल. रुद्रप्पानं तो चौकटीत बसवला. फरशीपासून चार बोटं वर.

तुमच्या-आमच्या पायाला चार बोटं म्हणजे काहीच नाही. खुर्चीच्या पुढच्या लहान चाकाला ती भिंत होते.

कमलाकररावांच्या ते लक्षात आलं. बायकोला दगड काढ म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. आधी म्हणाले, फळी टाकू. पण फळी दर वेळी टाकायची कुणी, आणि पुजलेल्या उंबऱ्यावर फळी ठोकायची म्हणजे वहिनींच्या अंगावर काटा. मग त्यांना युक्ती सुचली. मागल्या दाराला उतार करायचा. खुर्ची पोर्चमध्येच ठेवायची, तिनं स्कूटीवरून तीत बसून घराच्या कडेनं मागं यायचं आणि स्वयंपाकघरातून आत. रुद्रप्पानं छान गुळगुळीत उतार केला. उंबराही राहिला आणि पोरीची सोयही झाली, म्हणून सगळे खूश. देवयानीला विचारलं तर म्हणाली, "चालेल की, बाबा."

श्रावणात वास्तुशांत झाली. वहिनी नवं लुगडं नेसून पुढच्या दारात उभ्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू. मोडनिंबची माणसं, नातेपुत्याची माणसं, सगळी त्या कमळावरून आत गेली आणि दगडाचं कौतुक करून गेली. मध्येच कुमारच्या मावशीनं विचारलं, "देवयानी कुठं दिसेना ती?"

"मी कधीची आलीय, मावशी," होमाच्या पलीकडून आवाज आला. सगळे हसले. तीही हसली. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

मग गणपती बसले. लक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या. गौरी म्हणा, महालक्ष्म्या म्हणा, आमच्याकडं नुसतं लक्ष्म्या म्हणतात. मी करंज्या करायला गेले होते. कुमार पुण्याहून आलेला, तो मखराला दिव्यांच्या माळा लावत होता. देवयानी दोन्ही मुखवटे मांडीवर घेऊन चिंचेनं घासत होती. वहिनींच्या सासरची रीत अशी, की लक्ष्म्या घरच्या लेकीनं आणायच्या. लेकीनं मुखवटा घेऊन बाहेरून यायचं, दारापासून देवापर्यंत पावलं काढलेली, आणि आईनं आत उभं राहून विचारायचं, कोण आलं. जुन्या घरी देवयानीच आणायची. मुखवटे तिच्या मांडीवर आणि ती दोघांच्या हातांवर.

वहिनी पारी लाटता लाटता सांगायला लागल्या. "देवयानी, परवा दिवे लागायला तू फाटकाशी थांब. मी तिथनं पावलं काढत येते. पोर्चमधनं, मग उंबऱ्यावरनं..."

लाटणं थांबलं.

"मी मागनं येते की," देवयानी म्हणाली. मान वर न करता, मुखवट्याचा कान पुसत. "तू पावलं त्या बाजूनं काढ. पाण्याच्या मोटारीपासनं वळवून."

"लक्ष्मी मागल्या दारानं आणायची?"

"मी रोज येतेच की, आई."

तिनं टोमणा मारला नव्हता. पाणी तापलंय का, इतक्या साधेपणानं बोलली. कढईतल्या करंज्या मी उलटायच्या विसरले.

कुमार स्टुलावरून उतरला. "एवढं काय त्यात? मी आहे, बाबा आहेत. उचलू की तुला पुढच्या दारानं."

"उचला," देवयानी म्हणाली. "आणि सोमवारी तू पुण्याला गेलास की?"

वहिनी उठल्या. पिठाच्या हातांनीच पुढच्या दारानं बाहेर पडल्या, पोर्चमध्ये देवयानीची स्कूटी उभी होती तिथं गेल्या आणि घराच्या कडेनं मागं चालत निघाल्या. मी खिडकीतून बघत होते. भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली ती बोळकांडी. गॅसची रिकामी टाकी, धुण्याचा दगड, पाण्याची मोटार, केरसुणी. मोटारीपाशी त्यांचा पाय सरकला, त्यांनी भिंत धरली. मग उतारावरून स्वयंपाकघरात आल्या.

"मोटारीपाशी ओलं आहे," म्हणाल्या.

"तिथं कायमच असतं."

"चाकं सरकतात?"

"सवय झालीय."

वहिनींनी हात धुतले. चातुर्मासात कधी न चुकणारी ती बाई, त्या संध्याकाळी कीर्तनाला आली नाही. बुवांनी रंग चांगला भरला होता, माझं मात्र सगळं लक्ष शेजारच्या रिकाम्या जागेकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दारात रुद्रप्पा उकिडवा बसलेला, पुढ्यात छिन्नी-हातोडा, आणि चेहरा असा की जणू त्यालाच कुणी शिक्षा सांगितली.

"अक्का, सन उद्यावर आलाय. पुजलेला दगड कुनी काडतंय व्हय?"

"काढायचा नाही, रुद्रप्पा. खाली न्यायचाय. फरशीच्या बरोबर. हात फिरवला तर बोटाला कळता कामा नये."

"करतो की. पन कमळ?" त्यानं दगडाच्या दर्शनी बाजूवर अंगठा टेकवला. "हे समदं जमिनीत जातंय. कुनाला दिसनार न्हाय."

"जाऊ दे. लक्ष्मीला ठाऊक आहे ते कुठं आहे."

तेवढ्यात कमलाकरराव आले. उशिरा सुचलेलं शहाणपण त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "मी तेव्हाच म्हणणार होतो..."

"मग म्हणायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "मनातलं मनात ठेवून मागं उतार बांधायला कुणी सांगितलं होतं?"

"तू रागावशील म्हणून..."

"रागावले असते. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी चहा दिला असताच की." मग म्हणाल्या, "तुमचं एकट्याचं नाही. मीही त्या वाटेनं कधी चालून बघितलं नाही."

रुद्रप्पानं छिन्नी लावायच्या आधी वहिनी खाली बसल्या. दगडाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, कपाळ टेकलं. बराच वेळ टेकलेलं होतं. उठल्या तेव्हा डोळे ओले होते, ते त्यांनी कुणापासून लपवले नाहीत. "हं, कर," म्हणाल्या आणि आत जाऊन उरलेल्या करंज्या तळायला बसल्या. हातोड्याचा पहिला घाव बसला तेव्हा त्यांचा झारा कढईतच थबकला. मग चालायला लागला.

दगड निघाला, खाली खोदलं, कोरड्या मालात ठोकून ठोकून रुद्रप्पानं तो पुन्हा बसवला. पाणसळ लावून बघितली, तरी समाधान नाही. शेवटी देवयानीच्या खुर्चीत स्वतःच बसला आणि चाकं फिरवत आत-बाहेर करून आला. "जातंय बरोबर," म्हणाला, आणि लाजून उठला.

लक्ष्म्यांच्या दिवशी दिवेलागणीला फाटकापासून पावलं काढली. तांबडी, पांढरी, लहान-लहान. देवयानी हिरव्या काठांची साडी नेसलेली. एक मुखवटा खणात गुंडाळून तिच्या ओटीत पदरानं बांधला, कारण हात चाकांना लागणार होते. वहिनी आत उभ्या. ताट-चमचा त्यांनी माझ्या हातात दिला, वाजवा म्हणाल्या. कुमार सवयीनं खुर्चीमागं गेला. कमलाकररावांनी त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं.

"कोण आलं?" वहिनींनी विचारलं.

"लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली," देवयानी म्हणाली आणि दोन्ही हातांनी चाकं ढकलली. पुढची लहान चाकं दगडावर आली, दगडावरून आत गेली. खुर्ची हललीसुद्धा नाही. चाकांना रांगोळी लागली होती, पावलांच्या दोन्ही अंगांनी तांबड्या रेघा थेट मखरापर्यंत गेल्या. वहिनींनी तिच्या हातांना पाणी लावलं, चाकांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. अंगठा कपाळावर टेकला तो उचलेचना.

"आई, दुसरी बाहेर राहिलीय," देवयानी म्हणाली.

एरवी दोघींना एकदमच आणायचो, उचलणाऱ्यांना दोनदा त्रास नको म्हणून. कुमार म्हणाला, "थांब, मी आणतो." तोवर तिनं खुर्ची वळवलीसुद्धा. दगडावरून बाहेर, पोर्चमधून उतारावर, फाटकाशी पाटावर ठेवलेल्या धाकट्या लक्ष्मीपर्यंत ती एकटी गेली. आम्ही सगळे आत उभे राहून तिची वाट बघत होतो, आणि ती काही घाई करत नव्हती.

आता वहिनी रोज पहाटे जमिनीलगत वाकून त्या दगडाला हळदकुंकू लावतात. पाहुणे विचारतात, उंबरा नाही केला का. वहिनी म्हणतात, केलाय की.

झालं माझं आख्यान. दक्षिणा नको, आरतीच्या ताटात काही टाकू नका. एक मागते. उद्या सकाळी आपल्या उंबऱ्याला हळदकुंकू लावाल, तेव्हा एक बोट जास्तीचं लावा आणि त्या वेळी मालतीवहिनींची आठवण काढा.