उजवीकडून उघडा, मित्रांनो

मी एक जुनी मांगा आहे, म्हणजे जपानी चित्रकथा. मुलुंडला जयंतीबाईंच्या वाचनालयात राहते. माझ्या पानांना बटाटेवड्याचा वास येतो, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तो तुमच्या बोटांचा वास आहे.

मला उजवीकडून उघडायचं असतं. इंग्रजीत माझं भाषांतर झालं, तेव्हा डावीकडून उघडणाऱ्यांसाठी तिकडच्या पानावर ठळक सूचना छापली होती : 'थांबा! हा शेवट आहे.' पण वाचनालयात येताच तिथले शिपाई भाऊराव यांनी मला पुठ्ठा चढवला आणि सवयीने नेमका त्याच पानावर, खळ लावून, नियमांचा कागद चिकटवला. 'पाने दुमडू नयेत.' झालं!

शेजारच्या कपाटात अमेरिकन सुपरहिरो होते. मुलांच्या उड्या त्यांच्यावर. निहार तर त्यांचा कट्टर भक्त. मला चाळून त्याने टेबलावर आपटलं.

"काय वाट लावलीय स्टोरीची! आधी पोरगा पाण्यात उडी मारतो, मग पाण्याला घाबरतो!"

जयंतीबाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मित्रांनो, मला फक्त एकदा सुरुवातीपासून वाचलं जायचं होतं.

मला वाचवलं कोणी? झुरळांनी! शी! त्यांनी अंगावर फिरून फिरून सगळी खळ खाल्ली आणि तो कागद गळून पडला. निहारच्या बहिणीला, गंधालीला, सूचना दिसली.

"निहार, आपणच येडे आहोत रे! हे उलट्या बाजूने वाचायचं!"

दोघांनी तिथेच फरशीवर बसून मला वाचलं. पोहायला घाबरणारा मुलगा तलावाच्या काठावरून पुन्हा पुन्हा परत फिरतो आणि शेवटच्या पानावर एकदाची उडी मारतो, एवढीच माझी गोष्ट.

"आपले हिरो कधी घाबरतच नाहीत यार," निहार म्हणाला. "हा घाबरतो. झकास आहे!"

मग सुपरहिरोवाली सगळी टोळी माझ्यामागे लागली. जयंतीबाईंनी आणखी मांगा मागवल्या. आणि मला काय मिळालं? थुंकी लावून पान उलटणारे अंगठे, शेवेचं तेल, नाकातून नुकतंच बाहेर आलेलं बोट! किळस येते नुसती. तरी सहन केलं, कारण मला सुरुवातीपासून वाचत होते.

एके दिवशी निहारने मला घरी नेलं. "काय भारी चित्र आहे!" म्हणत त्याने ब्लेडने माझं शेवटचं पान कापलं आणि भिंतीवर लावलं. त्यालाच मी सर्वांत जास्त आवडत होते.

मित्रांनो, हवं तर मला आपटा, पण असलं प्रेम करू नका. आता प्रत्येक जण मला अगदी बरोबर, उजवीकडून वाचतो. मुलगा तलावावरच्या फळीच्या टोकापर्यंत येतो, गुडघे वाकवतो, आणि तिथेच उभा राहतो.