साईज कोण ठरवतं

गणवेशाची गाठोडी शाळेच्या हॉलमध्ये सुटली तेव्हा जुलै निम्मा सरला होता. वसई पश्चिमेच्या त्या शाळेत मुलींचे गणवेश तोवर घरोघरी शिवले जात. त्यामुळे रांगेत निळ्याचे दहा प्रकार दिसायचे. कुणाचा पिनाफोर, म्हणजे सदऱ्यावरून घालायचा बिनबाह्यांचा झगा, आभाळासारखा, तर कुणाचा शाईसारखा. मुख्याध्यापिका सिस्टर क्लेमेंटीन यांना ते बघवत नसे. म्हणून १९८२ साली त्यांनी ठरवलं, की गणवेश मुंबईच्या एकाच कारखान्यातून तयार आणायचे. कारखान्यात कामाला असलेला गावचाच लुईस ते घेऊन आला होता. एकेका मुलीला समोर बोलवायचा, नजरेने जोखायचा आणि पिनाफोर हातात द्यायचा.

नववीतली ॲनी पुढे आली. लुईसने सगळ्यात मोठा पिनाफोर काढला. बाजूच्या खोलीत जाऊन तिने तो घालून पाहिला, पण पाठीची बटणं काजापर्यंत पोचेनात. ती परत येऊन बटणं लागत नाहीत म्हणाली तेव्हा लुईस दुसऱ्या गाठोड्यात डोकं घालून बसला होता. मान वर न करताच तो हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सिस्टर, हिची साईज येत नाही."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मुली हसल्या. आणि दुसऱ्या दिवशी ॲनी शाळेत गेली नाही.

तिची आई उर्सुला गावातली शिवणारी बाई. उंच, रुंद खांद्यांची, पाण्याची कळशी एका हाताने उचलणारी. लेकीने काय झालं ते सांगितलं तेव्हा तिच्या पायाखालचं मशीन थांबलं. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. वसईच्या बाजारात चपला घ्यायला गेली की दुकानदार तेच सांगायचा. बांगडीवाली तिचा हात दाबून दाबून लाल करायची आणि तेच सांगायची. लग्नात तिच्या पायात शेवटी पुरुषी बूट आले होते. लांब झग्याने ते झाकले गेले, पण चर्चमध्ये वेदीपर्यंत चालताना तिला सारखं वाटत होतं, की सगळं देऊळ तिच्या पायांकडेच बघतंय. आपल्या अंगातच काही चूक झालीय असं ती तेव्हापासून धरून चालली होती. लेकीच्या वाट्याला हे येऊ नये एवढंच तिला वाटायचं. आणि ते तर आलंच.

"मी शिवून देते तुला," ती म्हणाली. "दोन तासांचं काम."

"नको, आय. कापड वेगळं दिसणार. सगळ्यांना कळणार का शिवलाय ते."

वडील आल्बर्ट केळीच्या वाडीतून आले, त्यांनी समजावून पाहिलं. ॲनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दोन दिवसांनी संध्याकाळी द्वारकाबाई राऊत दारात आल्या. ॲनीच्या वर्गाला त्या इंग्रजी शिकवत. त्यांचं घर पलीकडच्या आळीत होतं, फुलांच्या वाडीला लागून. येताना त्यांनी पदरात थोडी सोनचाफ्याची फुलं आणली होती. ती उर्सुलाच्या हातात देत त्या म्हणाल्या, "मुलगी दिसली नाही दोन दिवस. ताप आहे का?"

"ताप नाही, बाई. बसा."

उर्सुलाने सगळं सांगितलं. ॲनी आतून ऐकत होती. एकदम बाहेर आली आणि रागानेच म्हणाली, "बाई, साईज म्हणजे काय हो? आणि ती ठरवतं कोण?"

द्वारकाबाईंनी तिला जवळ बसवलं. "साईज म्हणजे आकार, मोठेपणा. एवढं मला येतं," त्या म्हणाल्या. "पण तू जे विचारतेस ते मला माहीत नाही. बघून सांगते."

उर्सुलाला वाटलं, बाईंनी वेळ मारून नेली. पण रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बाई खरंच आल्या. शाळेचा जाडजूड शब्दकोश त्यांनी शनिवारी चाळला होता आणि तेवढ्यावर न भागल्यामुळे वसईत एका जुन्या प्राध्यापकांच्या घरीही जाऊन आल्या होत्या. उर्सुलाने चहा ठेवला. ॲनी ओट्याच्या कडेला बसली.

"या शब्दाचा मोठेपणाशी मुळात काही संबंध नव्हता," बाई म्हणाल्या. "फ्रेंचांचा एक शब्द होता, असीझ. अर्थ काय, तर बसणं. बैठक. चार माणसं एकत्र बसून काही निवाडा करतात ना, तसं. तो शब्द इंग्लंडात गेला. तिथे न्यायाधीश गावोगाव जाऊन बसायचे, त्या बसण्यालाही तेच नाव. आणि अशा बैठकीत काय काय ठरायचं? पाव केवढ्या वजनाचा असावा, दारूचं माप केवढं असावं. बेकरीवाल्याने लोकांना लुबाडू नये म्हणून."

"पावाचंसुद्धा?" ॲनीने विचारलं.

"पावाचं तर पहिलं. मग बैठकीत जे माप ठरलं, त्या मापालाच लोक असाईझ म्हणायला लागले. बोलता बोलता सुरुवातीचा अ गळला आणि साईज उरलं. पुढे कुठल्याही वस्तूच्या मोठेपणाला तोच शब्द लागला. बसण्याची गोष्ट लोक विसरून गेले."

उर्सुला कपात चहा ओतत होती. ती थांबली. "आपण पण तसंच म्हणतो की, बाई. झगा अंगावर बसला. ब्लाऊज बरोबर बसला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या मनापासून हसल्या. "हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणखी एक आहे. कापडाला खळ देतात ना, तिलाही इंग्रजीत साईजच म्हणतात. तो शब्दही याच घरातला असावा असं प्राध्यापक म्हणाले, पण खात्री नाही म्हणाले."

"फादरांच्या झग्यांना मी खळ देते," उर्सुला म्हणाली. "दिली की घडी नीट बसते."

ॲनी दोघींच्या बोलण्यात नव्हती. ती मघाच्याच ठिकाणी अडकली होती. "म्हणजे साईज आकाशातून पडत नाही," ती सावकाश म्हणाली. "कोणीतरी बसतं आणि ठरवतं."

"हो."

"मग आमच्या गणवेशाला कोण बसलं होतं?"

द्वारकाबाई गेल्यावर उर्सुलाने कप विसळले. इतकी वर्षं दुकानदार जे सांगत आले ते तिने देवाच्या शब्दासारखं ऐकून घेतलं होतं. ते कुणा माणसांनी ठरवलेलं असेल, आणि ठरवताना आपल्यासारखं कुणी तिथे नसेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला राग आला. पण त्या रागाने तिला हलकंही वाटलं.

सोमवारी ती सिस्टर क्लेमेंटीन यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. सिस्टर कडक होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"उर्सुला, गणवेश कशासाठी असतो? सगळ्या मुली एकसारख्या दिसाव्यात म्हणून. एकीसाठी वेगळं केलं तर उद्या सगळ्या मागतील."

"एकसारख्या दिसायला तो सगळ्यांच्या अंगावर बसायला तर हवा, सिस्टर," उर्सुला म्हणाली. "एकीसाठी नाही सांगत मी. तुम्ही एकदा वर्गात फिरून बघा."

सिस्टरांनी तिला जायला सांगितलं. पण मधल्या सुट्टीत त्या खरंच फिरल्या. आणि त्यांना दिसलं, की कितीतरी मुलींनी पाठीवर सेफ्टीपिना लावल्यात, काहींचे खांदे ओघळलेत. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली कमळी, सहावीतली काटकुळी पोर, पिनाफोर कमरेशी सुतळीने बांधून आली होती.

"हे काय गं?" सिस्टरांनी विचारलं.

"लांब हाय, सिस्टर. घरी बदलायला येळ मिळत नाय. पानी भरताना पायात येतो."

संध्याकाळी सिस्टरांनी उर्सुलाला निरोप धाडला. शनिवारी हॉलमध्ये आयांना घेऊन या, टेप आणा, लुईसलाही बोलावलंय.

शनिवारी हॉल भरला. वाडीवाल्या बाया आल्या, कोळणी आल्या, नोकरीवाल्यांच्या बायका आल्या. लुईस कोपऱ्यात जरा अवघडून उभा होता. त्याने खिशातून कारखान्याचा तक्ता काढला. "मापं या तक्त्यावरून कापतात," तो म्हणाला.

"हा कुणी केला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ते ठाऊक नाही, बाई. मी कामाला लागलो तेव्हापासून भिंतीवर आहे. कुणाची मापं घेऊन केलाय देव जाणे."

उर्सुलाने टेप गळ्यात अडकवली आणि मुलींना पुढे बोलावलं. मधल्या अंगाच्या मुली पटपट आल्या. बाकीच्या एकमेकींना ढकलत मागेच सरकल्या. आठवीतली एक गुबगुबीत मुलगी आईच्या पाठीमागे लपली, तिची आई तिला ओढत होती आणि ती रडकुंडीला आली होती. आकडा मोठ्याने बोलला जाणार होता. भीती त्याचीच होती. उर्सुलाला ती भीती चांगली ठाऊक होती. स्वतःचे कपडे ती जुन्यावरून नवे कापत आली होती. अंगाला टेप लावून घेतल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं.

तिने टेप गळ्यातून काढली आणि ॲनीच्या हातात दिली.

"माझं घे आधी," ती म्हणाली. "मोठ्याने सांग. लुईस लिहील."

"आय," ॲनी हळूच म्हणाली, "नको ना."

"घे गं."

ती हात पसरून हॉलच्या मधोमध उभी राहिली. ॲनीने छातीभोवती टेप फिरवली. "सेहेचाळीस," ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

"ऐकू नाही आलं त्याला."

"सेहेचाळीस," ॲनी मोठ्याने म्हणाली.

कुणी हसलं नाही. लुईसने आकडा लिहिला. मग कंबर, मग खांदे, मग उंची. ॲनीचा आवाज दर मापागणिक मोकळा होत गेला. उर्सुला समोरच्या खिडकीतून बाहेर बघत होती. आकडे बोलून झाले आणि काहीच झालं नाही. माणसं होती तिथेच होती. ते नुसते आकडे होते.

"आता माझं घ्या," कमळी पुढे घुसली. "माझं लय कमी भरंल."

त्यावर मात्र सगळ्या हसल्या, कमळी सगळ्यात जास्त. आठवीतली ती मुलगी आईच्या मागून बाहेर आली. मग रांगच लागली. बाया जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि वाद घालू लागल्या. मुली वर्षात वाढतात, मग शिवणीत किती कापड ठेवायचं? कोळणी म्हणाल्या, खालून आखूड हवा. वाडीवाल्या म्हणाल्या, हात वर केल्यावर काखेत ताणतो. सिस्टर क्लेमेंटीन खुर्ची सोडून त्यांच्यात येऊन बसल्या. दुपार टळेपर्यंत तक्त्याच्या वरच्या टोकाला नवी मापं जोडली गेली आणि खालच्या टोकालाही.

"या वरच्यांना एक्स्ट्रा लिहितो," लुईस म्हणाला. "एक्स्ट्रा एक, एक्स्ट्रा दोन."

"एक्स्ट्रा कशाला?" ॲनी म्हणाली. "आकडे संपलेत का? पुढचा नंबर द्या."

लुईसने पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली आणि पुढचा नंबर लिहिला. जाताना तो ॲनीपाशी थांबला. "त्या दिवशी मी जरा जोरात बोललो," तो म्हणाला. "माझ्या लक्षात नाही आलं."

ॲनीने मान हलवली. लगेच हसली मात्र नाही.

मालक ऐकेल की नाही याची लुईसला खात्री नव्हती. मालकाने पहिल्यांदा नाहीच म्हटलं. मग सिस्टर स्वतः मुंबईला जाऊन आल्या. तिथे काय बोलल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नवी गाठोडी आली. सगळं काही जमलं होतं असं नाही. धाकट्या मापांच्या खांद्याच्या पट्ट्या चुकल्याच होत्या, त्या उर्सुलाने आणि आणखी दोघीतिघींनी बसून उसवून पुन्हा लावल्या. पण ॲनीचा पिनाफोर पाठीवर बटणांसकट बसला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी उर्सुला कुंपणापाशी इतर आयांबरोबर उभी होती. उंच म्हणून ॲनी शेवटच्या रांगेत होती. शेजारणीच्या कानात ती काहीतरी सांगत होती आणि तिचं झेंड्याकडे बिलकूल लक्ष नव्हतं. द्वारकाबाईंनी डोळे वटारले, तेव्हा ती सरळ झाली.

"उर्सुलाबाय," शेजारी उभी असलेली, निर्मळ गावाहून पाहुणी आलेली एक बाई हळूच म्हणाली, "आमच्या शाळेतही हाच घोळ आहे गं. येशील का एकदा?"

"येईन की," उर्सुला म्हणाली. "पण मी एकटी येऊन काय करू? तुम्ही सगळ्या बसणार असाल तर येते."